हवेतून येणारे पाहुणे

आके गेले तेव्हा रीतीप्रमाणे त्यांचे कपडे वाटले, आणि कपडे कमी पडले म्हणून त्यांचा रेडिओही वाटला गेला.

मृताला अंघोळ घालणाऱ्यांना रिकाम्या हाताने परत पाठवायचं नसतं. माझ्या वडिलांना, आकेंना, अंघोळ घालायला माणसं भरपूर आली, कारण त्यांच्यावर जीव असलेली माणसं गावात भरपूर होती. पण आकेंना कपड्यांचा सोस नव्हता. कोट गेला, बूट गेले, पांढरी नमद्याची टोपी गेली, आणि अंघोळ घालणाऱ्यांतला मामबेतकुल तसाच उभा राहिला. मग आकेंच्या थोरल्या बहिणीने, उरकुया एजेने, मागच्या खोलीत जाऊन तिथलं सगळ्यात जड यंत्र उचललं आणि त्याच्या हातांत ठेवलं. जड वस्तू दिली की मान राहतो, असं तिचं मत. ते आकेंचं ऐकायचं आणि बोलायचं यंत्र होतं. मामबेतकुलने त्यातला ट्रान्सफॉर्मर काढून ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज करायची सोय केली. "चला, निदान आता तरी उपयोगी पडलं," असं अपा म्हणाली. अपा म्हणजे माझी आई. ती हे रडता रडता म्हणाली, म्हणून कुणी हसलं नाही.

मागे उरला तो एक पुठ्ठ्याचा खोका. शेवटच्या हिवाळ्यात आकेंचे हात थरथरायला लागले होते. यंत्राच्या चकत्या केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवणं जमेना, तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरवरून चालवायचा रिसीव्हर मागवला. खोका घरी आला आणि आके दवाखान्यात गेले. चिकटपट्टीसुद्धा कुणी काढली नव्हती.

तो खोका तसाच राहिला असता. पण वर्षाची आश, म्हणजे वर्ष झाल्यावर मृतासाठी घालायचं गावजेवण, जवळ आली आणि कारागांदाहून रोदिओन मात्वेयेविच यांचा फोन आला.

हे आकेंचे रेडिओवरचे मित्र. माझ्या जन्माच्या आधीपासून दोघं जवळजवळ रोज बोलायचे. प्रत्यक्ष मात्र एकदाच भेटले, आणि ती भेट दोघांनाही फारशी मानवली नाही. समोरासमोर बसल्यावर बोलायला काही सुचेना. रोदिओन मात्वेयेविच कानाने अधू होते. "रेडिओवर मला कामचात्काचा डास ऐकू येतो," ते सांगत, "आणि फोनवर बायको ऐकू येत नाही." त्यामुळे फोनवर काहीही सांगितलं की ते "मिळालं" म्हणत. निरोप पोचला की म्हणायचा तो रेडिओवाल्यांचा शब्द आहे. त्यांच्या बाबतीत त्यावरून निरोप पोचलाच असं धरता येत नसे.

ते म्हणाले, आम्हाला कुणालाच मातीला येता आलं नाही. आता आशेलाही येता येणार नाही. कुणाचे गुडघे, कुणाचं हृदय. पण त्या दिवशी चार वाजता आम्ही सगळे आमच्या नेहमीच्या जागेवर, चाळीस मीटरच्या पट्ट्यात, साग्यनबेकला, तुझ्या वडिलांना, हाक मारणार आहोत. त्याच्या घरातलं कुणीतरी ऐकत असेल तर बरं वाटेल.

हे मी अपाला सांगितलं. ती तेव्हा पाहुण्यांच्या जेवणाचा हिशेब मनातल्या मनात करत होती.

"किती जण?" तिने विचारलं.

"आठ-दहा असतील. पण जेवायला नाही, अपा. हवेतून येणार आहेत."

"हवेतून आले तरी पाहुणे ते पाहुणेच. मातीला न आलेले आशेला रडत येतात, तसेच हे. घरात कुणी ऐकत नाहीये असं झालं तर? बुरूल, तुझ्या आकेंनी जन्मभर त्या लोकांचं ऐकलं. ते घराशी येणार आणि आपण दार लावून बसणार?"

"पण यंत्र मामबेतकुलच्या ट्रॅक्टरला लागलंय."

"खोका आहे ना. तू एवढी पुस्तकं वाचतेस, हेही वाच."

मी बिश्केकमध्ये ग्रंथालयात काम करते. घरच्यांच्या मते जगात जे जे छापलेलं आहे ते सगळं मला येतं. मी रजा वाढवून घेतली, बार्सकूनच्या आमच्या घरी लॅपटॉप आणला आणि खोका उघडला.

आतून साबणाच्या डबीएवढी एक काळी डबी निघाली. एवढीशी डबी बघून अपाचा चेहरा उतरला. एजे म्हणाली, "ही तर मामबेतकुलला देतासुद्धा आली नसती." सोबत माहितीपुस्तिका होती. तिचं रशियन भाषांतर कुणीतरी शब्दकोशावर सूड उगवावा तसं केलेलं होतं. पहिलंच वाक्य असं होतं: "यंत्राला प्रेमाने कॉम्प्युटरमध्ये घुसवा आणि आनंदाची वाट पाहा."

मी डबी प्रेमाने लॅपटॉपला जोडली आणि आनंदाची वाट पाहत बसले. बऱ्याच वेळाने पडद्यावर अक्षरं उमटली: अनोळखी उपकरण.

"अनोळखी कसं?" अपा म्हणाली. "वर्षभर घरात आहे."

रोदिओन मात्वेयेविच यांना फोन लावला. डबी काढा, आधी तिचा प्रोग्राम घाला, मग डबी जोडा, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, प्रोग्राम दोन आहेत, कुठला घालू? ते म्हणाले, मिळालं. मी दोन्ही घातले. एकाने दुसऱ्याला ओळख दाखवली नाही, पण संध्याकाळच्या चहाच्या सुमारास डबीवर बारीकसा हिरवा दिवा लागला आणि लॅपटॉपच्या पडद्यावर एक निळा पट्टा वरून खाली हळूहळू घसरायला लागला. त्याला 'धबधबा' म्हणतात, असं पुस्तिकेत होतं. जिथे कुणी बोलत असेल तिथे निळ्यात पिवळी रेघ उमटायला हवी. आमचा धबधबा नुसता निळा होता आणि त्यातून कढई तापल्यासारखा आवाज येत होता.

अपा चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. तिने आयुष्यभर लोकरीचे नक्षीदार नमदे शिवलेत.

"नक्षीच नाही," ती म्हणाली. "असला नमदा मी सुनेला पण शिवू दिला नसता."

"तुला सून नाही."

"म्हणून तर बोलतेय."

दोष माझा होता. डबीला अँटेनाची भोकं दोन होती. एक उंच लहरींचं, एक आपल्या कामाचं. आकेंची जुनी अँटेना म्हणजे त्यांनी कधीकाळी धुराड्यापासून पॉप्लरच्या झाडापर्यंत ताणलेली तार. तिची केबल खिडकीतून आत येत होती, ती मी चुकीच्या भोकात घातली होती. भोक बदललं मात्र, आणि मागची खोली माणसांनी भरून गेली. धबधब्यात पिवळ्या, लाल रेघा उभ्या राहिल्या. एक बाई ठणठणीत आवाजात भराभर काहीतरी वाचून दाखवत होती.

"ही कोण?" दारातून अपाने विचारलं.

"चीन."

"चीनला नको बोलावूस. मांस पुरायचं नाही."

मी हसले. आके गेल्यानंतर त्या खोलीत हसण्याची ती पहिली वेळ होती, आणि हसून झाल्यावर दोघींनीही लगेच काहीतरी काम काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रोदिओन मात्वेयेविच चाचणीसाठी हवेत येणार होते. आम्ही तिघी तयारीने बसलो. ठरल्या जागी जाड पिवळी रेघ उमटली. मी तिच्यावर बाण नेला. लॅपटॉपमधून गळा दाबलेल्या हंसासारखा आवाज आला.

"वय झालं त्यांचं," अपा हळहळून म्हणाली. "आवाज पार गेलाय."

एजे म्हणाली, "हा माणूस आहे का?"

पुस्तिकेत शेवटी सापडलं. आवाजाला वरची बाजू आणि खालची बाजू असते. या पट्ट्यात सगळे खालच्या बाजूने बोलतात आणि मी वरच्या बाजूने ऐकत होते. मी एक चौकोन दाबला, आणि त्या हंसाच्या घशातून एका क्षणात म्हातारा माणूस बाहेर आला. स्पष्ट, शांत, आपल्याच खोलीत बसून बोलल्यासारखा. तो म्हणत होता, "उल्याना, झिनाइदा, बोरिस. साग्यनबेकच्या घराला माझा नमस्कार."

एजेने अपाला कोपराने ढोसलं. "बघ."

ही जुनी गोष्ट आहे. रेडिओवर प्रत्येकाला एक पुकारचिन्ह असतं आणि अक्षरं नीट कळावीत म्हणून ती नावांनी उच्चारतात. आकेंची शेवटची तीन अक्षरं म्हणजे उल्याना, झिनाइदा, बोरिस. अपा नवी नवरी होऊन या घरात आली तेव्हा आके रोज मागच्या खोलीत दार लावून ही नावं घेत बसायचे. उरकुया एजेने भिंतीला कान लावून ऐकलं आणि नव्या भावजयीला सांगितलं, "तुझा नवरा आत दोन रशियन बायकांना हाका मारतोय. बोरिस बहुतेक एकीचा नवरा असावा." अपा चिडून माहेरी जायला निघाली, आकेंनी समजावून परत आणली. अपाला पटलं. एजेला अजून पटलेलं नाही.

"एजे, ती अक्षरं आहेत," मी म्हटलं.

"असतील. अक्षरांना बायकांचीच नावं का लागतात ते विचार."

दिवस बरे चालले होते. आता मला आपली जागा चटकन सापडायची. रेघ बघून कोण जवळचा, कोण लांबचा, तेही थोडं कळायला लागलं होतं. आश तोंडावर आली तसे आकेंचे धाकटे भाऊ, जुमादिल आबाके, वरच्या गावाहून आमच्याकडे राहायला आले. रडत येणाऱ्या पाहुण्यांना ओ द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. पाहुणा लांबूनच हंबरडा फोडत येतो, आणि घरच्या पुरुषांनी युर्तच्या, नमद्याच्या गोल तंबूच्या, बाहेर कंबरेला हात लावून उभं राहून तसाच हंबरडा फोडायचा असतो. ज्याला ओ मिळत नाही तो पाहुणा आयुष्यभर ते विसरत नाही. आबाकेंचा गळा आमच्या कुळात सर्वांत मोठा. त्यांनी ओ दिली की पलीकडच्या कुरणातली मेंढरं मान वर करतात.

ते आले तेव्हा मी रिसीव्हर लावून बसले होते. पट्टा रिकामा होता. फक्त एका लयीत टक, टक, टक असं वाजत होतं.

आबाके उंबऱ्यातच थबकले. आके तरुणपणी बोटाने टकटक करूनही निरोप पाठवायचे, ते त्यांना आठवत होतं.

"आलेच की ते!" आबाके कुजबुजले, आणि मी तोंड उघडायच्या आत कंबरेला हात लावून त्यांनी सुरुवात केली. "अरे माझ्या दादा रे! माझ्या डोंगरासारख्या दादा रे! मला कुणाच्या भरवशावर टाकून गेलास रे!"

खिडकीच्या काचा थरथरल्या. गोठ्यातली गाय हंबरली. शेजारपाजारचे, आता आणखी कोण गेलं म्हणून, हातातली कामं टाकून धावत आले, आणि आल्यावर रीत म्हणून त्यांतल्या काहींनी रडायलाही सुरुवात केली. अपा पिठाच्या हातांनी आली. मी लॅपटॉप उचलून खिडकीशी नेला, आवाज वाढला. पलीकडे शेजारच्या शामशीने नव्यानेच कुरणाला विजेचं कुंपण घातलं होतं.

"आबाके," मी म्हटलं, "ते कुंपण आहे."

"कुठलं कुंपण?"

"शामशीचं. विजेचं. गाई बाहेर जाऊ नयेत म्हणून झटका देतं, तो टकटक वाजतो."

शामशी स्वतः अंगणात उभा होता, तो ओशाळला. आबाकेंनी डोळे पुसले, टोपी सारखी केली.

"असू दे," ते म्हणाले. "शामशीचे आजोबा वारले तेव्हा मी रडायला जाऊ शकलो नव्हतो. तेवढं राहिलं होतं."

लोक गेल्यावर चहा पिताना त्यांनी विचारलं, "पण माझा आवाज तिकडे पोचला असता ना? कुंपण नसतं तर?"

"नाही, आबाके. हा फक्त ऐकतो. याला बोलता येत नाही."

अपा कणकेच्या तुकड्यांचे बोरसोक तळत होती. तिने झारा तसाच कढईवर धरला.

"म्हणजे ते लोक हाक मारत येणार," ती म्हणाली, "आणि आपण ओ देणार नाही?"

"आपण ऐकणार."

"दाराआड उभं राहून ऐकायचं? त्यापेक्षा ऐकलं नाही तर बरं. तुझ्या आकेंनी असलं यंत्र घेतलंच कसं? नुसतं ऐकायचं? त्यांना काही बोलायचं राहिलं नव्हतं का कुणाशी?"

हा प्रश्न माझ्याही मनात येऊन गेला होता. पुस्तिकेत त्याचं उत्तर नव्हतं. तेलातून धूर यायला लागला तेव्हा एजेने तिच्या हातातून झारा काढून घेतला.

मी रोदिओन मात्वेयेविच यांना फोन करून सांगितलं, की आम्ही ऐकू, पण उत्तर देऊ शकणार नाही, आणि आईला ते फार लागलंय. ते म्हणाले, मिळालं. मग त्यांनी कारागांदाला बर्फ पडल्याचं सांगितलं. त्यांना काय मिळालं हे मला कळलं नाही.

आशेच्या दिवशी सकाळपासून अंगण माणसांनी भरलं. युर्त उभी राहिली होती, आदल्या दिवशी घोडा कापला होता, चुलाणांवर कढया होत्या. मोल्दोंनी, म्हणजे गावच्या मौलवींनी, कुराण वाचलं, जेवणाच्या पंगती बसायला लागल्या. सकाळी मी रिसीव्हर लावून पाहिला होता. सगळं ठीक होतं. तीन वाजून गेल्यावर पुन्हा जाऊन बसले, तर धबधब्याचा चिखल झाला होता. निळा रंग कुठे दिसेना. लॅपटॉपमधून गांधीलमाश्यांचं पोळं घोंगावत होतं.

मी पुस्तिका काढली. पुस्तिकेत शेवटच्या पानावर लिहिलं होतं: "शेजारची छोटी विद्युत जनावरं यंत्राला त्रास देतात." मी युर्तमध्ये गेले. दारापाशी लांबलचक वायरचा एक बोर्ड होता आणि त्याला पाहुण्यांचे फोन लागलेले होते, दुधाला लागलेल्या पिल्लांसारखे एकमेकांना चिकटून. मी सगळे उपटायला सुरुवात केली.

"अगं ए, माझा दोनच टक्के आहे!"

"बाळे, तो ताशकंदचा जावई आहे, त्याचा तरी राहू दे."

"मोल्दोंचापण काढतेस?"

मोल्दो स्वतः म्हणाले, "काढू दे. ज्याचा फोन मला घ्यायचाय तो चार्जरशिवाय करतो."

घोंगावणं गेलं. धबधबा निळा झाला. पण आता तो पहिल्या दिवशीसारखा कोरा होता. चीनसुद्धा नाही. मी भोकं तपासली, डबी काढून परत लावली. मग केबल हातात धरून तिच्यामागे खिडकीतून बाहेर, भिंतीच्या कडेने, घरामागे गेले.

गेल्या हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने तारेचं पॉप्लरकडचं टोक खाली आलं होतं, हे मला माहीत होतं. शिडी कोण आणणार म्हणून आबाकेंनी ते जर्दाळूच्या झाडाला छातीएवढ्या उंचीवर बांधलं होतं, हेही माहीत होतं. त्यानंतर छातीएवढ्या उंचीच्या तारेचं आमच्या घरात काय होणार, याचा विचार मी केला नव्हता. आकेंच्या अँटेनावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चुचुक वाळत घातले होते. घोड्याच्या आतड्यात बरगडीचं मांस आणि चरबी ठासून केलेले, हातभर लांब, मीठ लावलेले, ठिबकणारे. त्यांच्या वजनाने तार मधोमध झुकून लोखंडी घमेल्याला टेकली होती. खाली कुत्रा बसला होता आणि अत्यंत आदराने वर बघत होता.

"एजे!" मी ओरडले. "हे सगळं काढा! लगेच!"

उरकुया एजे बाह्या सारून आली. "काढून ठेवू कुठे? जमिनीवर? घोडा काय या कुत्र्यासाठी कापला?"

"कुठेही ठेवा. चार वाजत आलेत."

"पाटांवर पाहुण्यांची ताटं आहेत, परातींत कणीक आहे, खाटेवर पाहुण्यांतला सरसेनबाय झोपलाय. तू सांग कुठे. रेडिओसाठी मांस मातीत घालणारं घर मी अजून पाहिलं नाही."

"आणि पाहुण्यांना दारातून परत पाठवणारं पाहिलंस का?"

हे अपा म्हणाली. विधवेने त्या दिवशी युर्तमध्येच बसायचं असतं, पण ती बाहेर आली होती. ती तारेपाशी गेली, पहिला चुचुक उतरवला आणि आबाकेंच्या हातांवर ठेवला. "धर."

आबाकेंनी धरला. मग दुसरा ठेवला. मग शामशीची पाळी आली, मग नव्या सुटातल्या ताशकंदच्या जावयाची. त्याने हात जमेल तेवढे लांब धरले. रांगच लागली. मोल्दो बाजूने जात होते, त्यांच्याकडे अपाने अदबीने पाहिलं; त्यांनी बाह्या गुंडाळून दोन घेतले. तार हलकी होऊन वर उसळली. तेवढ्यात मामबेतकुल शिडी घेऊन आला. कुणी बोलावलं नव्हतं. त्याने जर्दाळूची गाठ सोडली, टोक दातात धरून पॉप्लरवर चढला आणि आकेंच्या जुन्या खिळ्याला तार ताणून बांधली.

मी लॅपटॉप खिडकीत बाहेर तोंड करून ठेवला. धबधब्यात रेघा आल्या. मी आमच्या जागेवर बाण नेला, खालची बाजू दाबली.

"उल्याना, झिनाइदा, बोरिस," रोदिओन मात्वेयेविच म्हणाले. "उल्याना, झिनाइदा, बोरिस."

अंगणात कुणी हललं नाही. हलताही आलं नसतं, प्रत्येकाच्या हातांत मांस होतं.

मग एकेक जण आला. ओम्स्कहून एक खोकणारा माणूस. सेमेयहून एक. कुणीतरी अगदी लांबून, वाऱ्यात चाललेल्या माणसासारखा, मधेच बुडत आणि वर येत. प्रत्येक जण आपलं चिन्ह सांगायचा, आकेंचं चिन्ह घ्यायचा, एखादं वाक्य बोलायचा. एकाने सांगितलं, साग्यनबेकने मला वादळात रात्रभर सोबत केली होती, मी हवामानकेंद्रावर एकटा होतो. मग एका बाईचा आवाज आला.

"हीच झिनाइदा," एजे म्हणाली.

"ही लारिसा," अपा म्हणाली. "चितामध्ये असते. तिच्या नवऱ्याला दमा आहे."

मी अपाकडे पाहिलं. भिंतीला दोन बाजू असतात, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. अपाने मान वळवली नाही.

शेवटी पुन्हा रोदिओन मात्वेयेविच आले. "साग्यनबेक," ते म्हणाले, चिन्ह न घेता, नुसतं नाव. "आम्ही ऐकतोय."

आणि पिवळी रेघ तुटली. तिथे कुणी आलं नाही. शेजारच्या रेघाही एकेक करून थांबल्या. ओळखीचे नसलेलेही थांबले असावेत. निळा पट्टा नुसता खाली घसरत राहिला. गेलेल्या माणसाला शेवटची हाक मारली की सगळे गप्प राहून उत्तराची वाट बघतात आणि उत्तर येत नाही, हा त्या लोकांचा रिवाज आहे, असं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं, की किती तरी गावांतली म्हातारी माणसं हेडफोन लावून आमच्या घराकडे कान देऊन बसली आहेत.

"थांबलेत," अपा म्हणाली. "वाट बघतायत ना?"

"हो."

ती आबाकेंकडे वळली. "मग बघतोस काय? ओ दे."

आबाकेंना कंबरेला हात लावायचे होते, पण हात मोकळे नव्हते. त्यांनी दोन्ही चुचुक छातीशी कवटाळले, खिडकीकडे तोंड केलं आणि हंबरडा फोडला. "अरे माझ्या दादा रे! माझ्या डोंगरासारख्या दादा रे!" त्यांच्यामागे शामशीने, जावयाने, मोल्दोंनी, शिडीवर उभ्या असलेल्या मामबेतकुलने. युर्तमधून बायकांनी सूर धरला. सरसेनबाय खाटेवरून जागा झाला आणि काय चाललंय हे न विचारता रडायला लागला. कुत्रा तोंड वर करून ओरडला. तेवढे सगळे पुरुष मांस उराशी धरून एका लॅपटॉपला ओ देत होते, आणि लॅपटॉपला बोलता येत नव्हतं. हे मला माहीत होतं, अपा आणि आबाकेंनाही सांगून झालं होतं. मला पुन्हा सांगता आलं असतं.

मीही ओ दिली. बायकांनी युर्तमध्ये द्यायची असते, मी खिडकीपाशीच दिली.

आवाज ओसरले. आबाके धापा टाकत होते. पिवळी रेघ पुन्हा उमटली.

"मिळालं," रोदिओन मात्वेयेविच म्हणाले. "उत्तम मिळालं, साग्यनबेक. धन्यवाद."

अंगणभर समाधानाची हालचाल झाली. कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. "कारागांदापर्यंत," आबाके इतरांना सांगत होते, "आणि मी काही पूर्ण जोर लावला नव्हता. हात अडकले होते." अपाने डोळे पुसले आणि जावयाच्या सुटावरची चरबी पुसायला फडकं आणायला गेली. रोदिओन मात्वेयेविच कशालाही मिळालं म्हणतात, हे मी तिला सांगितलं नाही. तिला ते माझ्याआधीपासून माहीत असेल.

एजे चुचुक गोळा करत होती. "झालं ना तुमचं? आता लावू परत तारेवर?"

"दुसरी दोरी बांधून घ्या, एजे," अपा म्हणाली. "ती तार राहू दे."

पाहुणे गेल्यावर मी डबी आवरायला मागच्या खोलीत गेले. अपा मागोमाग आली आणि आकेंच्या स्टुलावर बसली. तिने चष्मा लावला.

"लॅपटॉप इथेच ठेव. तुला ग्रंथालयात देतील दुसरा," ती म्हणाली. "आणि मला दाखव. आधी काय करायचं?"

"ही डबी इथे घुसवायची. प्रेमाने. मग वाट बघायची."

"कशाची?"

"पुस्तिकेत आनंदाची लिहिलंय."

अपाने डबी घेतली, केबलचं टोक भोकापाशी नेलं, उलटं होतं ते सुलट केलं.

"चीन लागला तरी चालेल," ती म्हणाली.